घेंट की ब्रुज? आई-बाबांबरोबर एकच दिवस, पण निवांत

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही नेदरलंड्समध्ये आयंडहोवनला असतो. सध्या आई-बाबा इचलकरंजीहून दोन महिन्यांसाठी आलेत. पुढच्या आठवड्यात दिरांकडे ब्रुसेल्सला चार दिवस मुक्काम आहे. त्यातला एक दिवस आई-बाबांना घेऊन मी एकटीच बाहेर पडणार, कारण नवऱ्याला सुट्टी नाही.

प्रश्न साधा आहे. बेल्जियममधली ही दोन जुनी शहरं: घेंट, ब्रुज, की दोन्ही? दीर म्हणतात, एका दिवसात दोन्ही सहज होतात. मला धाकधूक वाटते. आईचे गुडघे दुखतात, जिने नकोत. बाबा ७२ वर्षांचे. चालतात चांगले, पण दुपारी त्यांना थोडं टेकावं लागतं. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही एका सहल कंपनीबरोबर पॅरिसला गेलो होतो. दोन दिवसांत अकरा ठिकाणं. परत आल्यावर बाबांना विचारलं, काय आवडलं? जरा विचार करून म्हणाले, "बसची खिडकी मोठी होती." तेव्हापासून मनात आहे की या वेळी घाई नाही करायची. कुठे जाऊ सांगा.

वाळवण
ब्रुज. डोळे मिटून ब्रुज.

नदीकाठ
मी लेव्हनला नऊ वर्षं आहे, दोन्ही शहरांत इतक्यांदा गेलोय की मोजदाद नाही. आधी हिशेब मांडतो. ब्रुसेल्सहून घेंट रेल्वेनं साधारण अर्धा-पाऊण तास, ब्रुज तासभर. घेंटहून ब्रुज पंचवीसेक मिनिटं. कागदावर दोन्ही एका दिवसात बसतात, दीर चुकीचं सांगत नाहीत. पण स्टेशन ते गाव हे अंतर दोन्हीकडे आहे. घेंटला सिंट-पीटर्स स्टेशनवरून ट्राम पकडून गावाच्या मध्यावर कोरेनमार्क्टला उतरायचं. ब्रुजला बस किंवा वीस मिनिटं चाल. म्हणजे दोन शहरं केलीत तर चार वेळा चढउतार आणि चार वेळा वाट बघणं. काकूंच्या गुडघ्यांचा दिवस त्यातच जाईल.

माझं मत: एकच शहर, आणि ते घेंट. ब्रुज जास्त देखणं आहे हे मान्य, पण घेंट राहतं गाव आहे. शाळेची पोरं सायकलवरून चाललेली दिसतात, विद्यापीठ आहे, बाजारात गावातलीच माणसं भाजी घेत असतात. लेइ नदीच्या दोन काठांवर ग्रासलेई आणि कोरेनलेई, जुन्या व्यापारी संघांची उंच उंच दगडी घरं. तिथे घाटासारखं काठावर बसता येतं आणि कुणी उठवत नाही. नुसतं बसायचं असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही.

खडीसाखर
माझं मत वेगळं आहे आणि ते थोडं कळकळीनं लिहितेय. दोन्ही दाखवा. सासूबाई २०१४ मध्ये आल्या होत्या तेव्हा मी असाच विचार केला, आज एवढंच, बाकीचं पुढच्या खेपेला. पुढची खेप झालीच नाही. दीड वर्षानं त्यांचं कंबरेचं दुखणं सुरू झालं, मग विमानप्रवास बंद. ब्रुजचे फोटो बघून त्या नेहमी म्हणायच्या, "हे राहिलं बघ." ते वाक्य अजून टोचतं. थकतील तर थकू देत, संध्याकाळी पाय शेकून द्या. पण राहिलं असं नको व्हायला.

नदीकाठ
खडीसाखर ताई, समजू शकतो. माझ्या वडिलांना मी एका दिवसात तीन शहरं दाखवली होती. आता ती तिन्ही त्यांच्या डोक्यात एकच झालीत. "ते नदीचं गाव" म्हणतात, आणि मला कळत नाही कुठलं.

मु_पो_वाई
जरा बाजूचा मुद्दा. हे गेंट की घेंट की खेंट?

नदीकाठ
तिथले लोक म्हणतात ते आपल्या ख आणि घ च्या मधलं, घशातून. तिकीट काढताना घेंट म्हटलं तरी चालतं. फ्रेंच बोलणारे गाँ म्हणतात. इंग्लंडच्या इतिहासातला जॉन ऑफ गाँट, तो इथेच १३४० मध्ये जन्मला म्हणून गाँट.

मु_पो_वाई
म्हणजे आमच्या सातारकर, पुणेकरसारखा तो घेंटकर! धन्यवाद, डोक्यात पक्कं बसलं.

शेवंती
ब्रुजच्या बाजूनं कुणीतरी नीट लिहायला हवं, म्हणून लिहिते. वाळवण यांनी डोळे मिटले, मी उघडते.

ब्रुज हे एके काळी उत्तर युरोपातलं मोठं बंदर. स्वीन नावाच्या खाडीतून मालाची ये-जा चाले, ती खाडी गाळानं भरत गेली, व्यापार अँटवर्पला सरकला आणि गाव मागे पडलं. पैसा नव्हता म्हणून जुनी घरं पाडून नवी कुणी बांधली नाहीत, आणि तेच आज आपण बघायला जातो. शेअर बाजाराला युरोपात बोर्स म्हणतात ना, ते नाव इथल्या व्हान डेर ब्यूर्झे कुटुंबाच्या खानावळीपुढे व्यापारी जमायचे त्यावरून पडलंय असं मानतात.

बाजारचौकातल्या ८३ मीटर उंच घंटामनोऱ्याला ३६६ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तुमच्या आईनं खालूनच घंटा ऐकाव्यात, खालूनच छान ऐकू येतात. पण सिंट-यान्स हॉस्पिटल नक्की. मध्ययुगातलं रुग्णालय आहे, आता तिथे जुन्या काळचा चित्रकार हान्स मेमलिंग याची चित्रं आहेत. जवळच अवर लेडी चर्चमध्ये मायकेलअँजेलोनं घडवलेली आई-मुलाची संगमरवरी मूर्ती. आणि तिथून थोडं चाललं की बेगेनहॉफ. १२४५ मध्ये स्थापन झालेली ही बायकांची वसाहत. लग्न न केलेल्या, विधवा अशा बायका इथे संन्यास न घेता, स्वतः कमवून एकत्र राहायच्या. पांढरी घरं, मध्ये उंच झाडं, आणि शांतता राखा असं लिहिलेलं. माझी आई तिथल्या बाकावर पाऊण तास बसली होती. तिनं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

एक मात्र खरं, अकरा ते चार या वेळात ब्रुजला बसगाड्या भरभरून माणसं येतात. निवांत हवं तर सकाळी लवकर किंवा पाचनंतर.

वाळवण
शेवंती, माझ्या मनातलं सगळं लिहिलंत.

सांडगी_मिरची
जेवणाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलते. पंचगंगाकाठ, हे नीट वाचा.

बेल्जियममध्ये फ्राइज बघून आपण म्हणतो बटाटाच तर आहे. पण पारंपरिक पद्धतीत ते गोमांसाच्या चरबीत तळतात. सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी. आधी विचारायचंच, वनस्पती तेल आहे का म्हणून. वॉफलमध्ये अंडं असतं, म्हणजे तेही गेलं. घेंटची ती जांभळी नाकाच्या आकाराची गोळी, क्युबरडॉन, आत रासबेरीचा पाक असतो. तिच्यात काही जण जिलेटिन घालतात, काही नाही. विचारून घ्या.

चांगली बातमी अशी की शाकाहाराच्या बाबतीत घेंट पुढे आहे. २००९ पासून तिथे गुरुवार शाकाहारी दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली, नगरपालिकेनंच पाठिंबा दिला. शक्य असेल तर गुरुवारीच जा.

गारवा
चरबीचं आजच कळलं. सहा वर्षं इथे राहतोय, दर शनिवारी खातोय. आज जेवण गेलं नाही.

सांडगी_मिरची
गारवा दादा, मन खट्टू करू नका. ज्या दुकानात जाता तिथे एकदा विचारा, कदाचित तेलच असेल.

खडीसाखर
दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. फ्राइजचा प्रश्नच मिटला. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात.

मु_पो_वाई
दशम्यांचं प्रमाण द्याल का? वेगळा धागा काढा हवं तर.

कोरडवाहू
गाडीनं जाणार असाल तर घेंटमध्ये २०२० पासून प्रदूषणाचे नियम लागू आहेत, परदेशी नंबरच्या गाडीची आधी नोंदणी करावी लागू शकते. मी जर्मन नंबर घेऊन गेलो, नोंदणीचं माहीत नव्हतं, घरी दंडाचं पत्र आलं. रेल्वेनंच जा.

आणि घेंटला जाऊन सिंट-बाव्हो चर्चमधलं ते चित्र चुकवू नका. व्हान आयक भावांनी काढलेलं, १४३२ मध्ये पूर्ण झालेलं, दारासारखं उघडणारं बारा फळ्यांचं चित्र. त्यातली एक फळी १० ते ११ एप्रिल १९३४ च्या रात्री चोरीला गेली, ती आजतागायत सापडलेली नाही. एका दलालानं मरताना सांगितलं, ती कुठे आहे ते फक्त मला ठाऊक आहे, आणि प्राण सोडला. आता दिसते ती त्या फळीची नक्कल. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी सगळं चित्रच पळवलं होतं, ते १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टाऊसेच्या मिठाच्या खाणीत मिळालं. शेवंती यांनी लिहिलेली ब्रुजची मूर्तीही त्याच खाणीत होती. सिंट-बाव्होला चित्र बघायला वेळ ठरवून तिकीट काढावं लागतं. लिफ्ट आहे, त्यामुळे काकूंना अडचण येणार नाही.

टेकडीवरची
चर्चा छान चाललीय, पण एक विचारू? काका-काकूंना काय आवडतं हे कुणी विचारलंच नाही. चित्रं आवडतात का? देऊळ-चर्च बघायला आवडतं का? बाजार?

पंचगंगाकाठ
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! टेकडीवरची ताई, बाबांचं सांगायचं तर चित्रं, मूर्ती यांत ते दोन मिनिटं रमतात. देऊळ आवडतं, पण तिथे पूजा चालू हवी. बाबा चौतीस वर्षं यंत्रमागावर होते. सुरुवातीला कामगार, नंतर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. हात सारखे काहीतरी करत असतात. इथे आल्यापासून आमच्या घरातली सगळी कुरकुरणारी दारं दुरुस्त झालीत. आईला बाजार आवडतो.

नदीकाठ
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना! यंत्रमागावरचा माणूस आणि घेंट! आता दुसरा विचारच नको.

घेंट हे मुळात विणकरांचं गाव. मध्ययुगात आल्प्सच्या उत्तरेला पॅरिसखालोखाल मोठ्या शहरांत त्याची गणना व्हायची, साधारण साठ हजार वस्ती, आणि ती सगळी लोकरीच्या कापडावर. लोकर यायची इंग्लंडहून. १३३६ मध्ये इंग्लंडनं ती बंद केली आणि घेंटचे माग थांबले, उपासमार सुरू झाली. तेव्हा याकोब व्हान आर्टेव्हेल्डे नावाचा पुढारी उभा राहिला. त्यानं फ्रान्सची बाजू सोडून इंग्लंडशी जुळवून घेतलं, लोकर परत सुरू केली. १३४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनं फ्रान्सचा राजा म्हणून स्वतःची घोषणा केली, ती कुठे? घेंटच्या शुक्रवार बाजारात. तिथे आज आर्टेव्हेल्डेचा पुतळा आहे. त्याला मात्र १३४५ मध्ये घेंटच्याच जमावानं मारलं.

नंतर सूत आलं. लीव्हेन बाउवेन्स नावाच्या घेंटच्याच माणसानं अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधून सूतकताईचं म्यूल यंत्र सुटे भाग करून चोरून आणलं. यंत्रं देशाबाहेर न्यायला तिथे सक्त बंदी होती. साखर-कॉफीच्या मालात भाग लपवले असं सांगतात. त्यावर घेंटमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या आणि गावाला युरोप खंडाचं मँचेस्टर म्हणू लागले.

मिन्नेमेर्स भागात एका जुन्या सूतगिरणीतच इंडस्ट्री म्युझियम आहे. ते म्यूल यंत्र तिथे आहे, आणि एक अख्खा मजला कापडाच्या यंत्रांचा. माग चालवून दाखवतात. कोणत्या वेळी ते आधी विचारून घ्या, सुट्टीचा वारही बघा. लिफ्ट आहे. काकांना तिथे न्या, बाकी सगळं सोडलं तरी चालेल.

सूतकताई
एरवी इथे वाचनमात्र असतो, आज राहवलं नाही. मी मूळ मालेगावचा. सुताचे भाव चढले की आमच्या गल्लीतली खटखट एकेका घरातून कमी होत जायची, आणि रात्री झोप लागायची नाही, कारण आवाजाची सवय. १३३६ चं वाचून अंगावर काटा आला. लोकर असो की सूत, माल थांबला की विणकराच्या घरात तेच होतं. आपल्याकडे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात ते इचलकरंजीलाच, १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला. एका मँचेस्टरचा माणूस दुसऱ्या मँचेस्टरला चाललाय. ताई, काय झालं ते इथे लिहाच.

खडीसाखर
हे वाचून घेंटला माझा विरोध मागे. ब्रुजचा आग्रह मात्र सोडलेला नाही. संध्याकाळी दोन तास तरी.

शेवंती
खडीसाखर, मी तुमच्याबरोबर.

टेकडीवरची
अंधार पडेपर्यंत थांबलात तर अजून एक. ग्राव्हेनस्टेन किल्ल्यासमोर सिंट-वेर्ले चौक आहे. तिथले दिवे शहरातल्या प्रसूतिगृहांना जोडलेले आहेत. बाळ जन्मलं की तिथे बटण दाबतात आणि चौकातले दिवे हळूच प्रखर होऊन पुन्हा मंद होतात. फरशीवर तसं लिहिलंय, की हे त्या बाळासाठी. मी एकदा पाहिलं. शेजारी एक अनोळखी बाई होत्या, त्यांनी माझा हात धरला.

गारवा
हे माहीतच नव्हतं. वा.

मु_पो_वाई
मलाही जावंसं वाटायला लागलं. दशम्यांचा धागा काढला का कुणी?

पंचगंगाकाठ
मंडळी, जाऊन आलो! गुरुवारी गेलो. सविस्तर लिहिते, सूतकताई दादांनी सांगितलं होतं म्हणून.

साडेनऊची रेल्वे घेतली, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर. ट्रामनं कोरेनमार्क्ट. फरसबंदीच्या गोट्यांवर आईला जड गेलं, म्हणून हळूहळू, दर दोन वळणांनी बसत. ग्रासलेईला काठावर बसून दशम्या खाल्ल्या. ऊन पडलं होतं. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत होते, मग म्हणाले, "पंचगंगेला एवढं स्वच्छ पाणी मी लहान असताना होतं." अर्धा तास तिथेच.

बारा वाजताचं चित्राचं तिकीट काढलं होतं. त्याआधी म्युझियमला तासभर, असा माझा बेत. तो तिथेच मोडला.

कापडाच्या मजल्यावर पाऊल टाकलं आणि बाबांची चाल बदलली. एकेका यंत्रापाशी जाऊन हात मागे बांधून वाकून बघायचे. फणी, बीम, धोटा, सगळ्यांची नावं पुटपुटत. थोड्या वेळानं तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी माग सुरू केला. तो आवाज, आमच्या गल्लीचा! मला एकदम शाळेच्या दप्तराचा वास आला. बाबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "पिकर सैल झालाय, आवाज फाटका येतोय." पिकर म्हणजे धोट्याला ढकलणारा भाग. मी ते इंग्रजीत सांगितलं. गृहस्थ चमकले, माग थांबवला, पिकर हलवून बघितला आणि हसायला लागले.

मग ताण्याचा एक तुटलेला धागा त्यांनी बाबांपुढे धरला. बाबांनी दोन्ही टोकं चिमटीत घेतली, अंगठ्यावर एक वळसा, आतून टोक, ओढलं. एका श्वासात. गाठ इतकी बारीक की फणीतून अडकल्याशिवाय जाईल. त्या गृहस्थांनी ती नखानं चाचपली, दुसरा धागा घेतला आणि स्वतः बांधून दाखवली. तीच गाठ, अगदी तसाच अंगठ्याचा वळसा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पुढचा पाऊण तास मला काही भाषांतर करावं लागलं नाही.

आता जे सांगायचंय ते. मी बाबांच्या मागे मागे होते आणि आई दिसेना. शोधलं तर ती कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यातल्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या यंत्रासमोर उभी. मी म्हटलं, आई बस ना, पाय दुखतील. ती म्हणाली, "तू पोटात असताना नवव्या महिन्यापर्यंत मी घरी कांड्या भरल्यात. शेकड्यावर पैसे मिळायचे. तुझ्या बाबांच्या मागाला सूत कुठून येत होतं असं वाटलं तुला?" मला ठाऊक होतं तसं, लहानपणी ते यंत्र घरात बघितलंय. पण इथे धाग्यावर तुम्ही विचारलंत तेव्हा मी बाबांचं काम लिहिलं आणि आईपुढे लिहिलं, बाजार आवडतो. गुडघे दुखतात. एवढंच. त्या गृहस्थांना मी बोलावलं, आईचं सांगितलं. त्यांनी तिला रिकामी कांडी हातात दिली. तिनं ती पदरानं पुसली आणि मग बोटांत धरून फिरवून बघितली, वजन जोखल्यासारखी.

चित्राचं तिकीट वाया गेलं. दोन वाजता बाहेर पडलो. शुक्रवार बाजारात आर्टेव्हेल्डेचा पुतळा बघितला, बाबांना लोकर बंद झाल्याची गोष्ट सांगितली, ते म्हणाले, "मालक-व्यापारी सगळीकडे सारखे." सूप-ब्रेड छान मिळालं, गुरुवार पावला. दिव्यांसाठी अंधार पडेपर्यंत थांबणं झालं नाही, आई दमली होती. साडेपाचच्या रेल्वेत दोघंही झोपले.

सूतकताई
ताई, काकूंचं वाचून माझ्या आईला फोन लावला. तीही कांड्या भरायची. तिला हे वाचून दाखवलं.

टेकडीवरची
मीही "काका-काकूंना काय आवडतं" एवढंच विचारलं होतं. काम काय करायच्या ते नाही विचारलं. काकूंना नमस्कार सांगा.

कोरडवाहू
चित्र सहाशे वर्षं टिकलंय, अजून टिकेल. तिकिटाचं वाईट वाटून घेऊ नका.

खडीसाखर
पंचगंगाकाठ, माझं ब्रुज आता वेगळ्या कारणासाठी. तिथे कान्टसेंट्रुम आहे, लेसचं केंद्र, जुन्या लेस-शाळेच्या इमारतीत. दुपारी बायका उशीवर टाचण्या टोचून लाकडी बॉबिनांनी लेस विणत बसलेल्या असतात. बॉबिन म्हणजे दोरा गुंडाळलेली छोटी कांडीच, एकेकीपुढे डझनावारी. जवळ बसून बघता येतं. सासूबाईंना न्यायचं राहिलं. काकूंना न्या.

शेवंती
आणि तिथून बेगेनहॉफला. पाचनंतर.

पंचगंगाकाठ
खडीसाखर ताई, आईला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, तिथे हात लावू देतात का? शनिवारी जातोय, फक्त ब्रुज. या वेळी दशम्या आईच करणार आहे, माझ्या कडक झाल्या होत्या म्हणते.

मु_पो_वाई
मग प्रमाण काकूंनाच विचारून इथे लिहा.